मुक्काम परळ



लहान मुलांचा कर्करोग हा विषय पत्रिकेवर छापलेला असूनही तुम्ही आलात, याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. असल्या विषयाला माणसं सहसा येत नाहीत. गोष्ट निघाली की बायका पदर तोंडाला लावतात आणि पुरुष पावसापाण्याचं बोलायला लागतात. आजचा तासभर पावसापाण्याचं बोलायचं नाही, एवढीच विनंती.

सुरुवात आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या एका अशा कीर्तीने करतो, जी खुद्द जिल्ह्यालाच फारशी ठाऊक नाही. २००९ सालच्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्यात नाव होतं उस्मानाबादचं, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचं, जुन्या नावाने. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे पाडलेले ५२ गट आणि आठ वर्षांचा पाठपुरावा. एचपीव्ही या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा जरी केली, तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे जगाला कळलं ते आपल्या बायकांमुळे. भूम-कळंबच्या आया-आज्यांमुळे! (ज्या गटातल्या बायकांची तपासणीच केली नाही त्यांचं काय, हा प्रश्न पुढे विचारला गेला. तो विचारायलाच हवा होता.)

त्याच्याही आधी, १९८७ साली, बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी पडली सोलापुरात, पण नोंदणीचे तीन तालुके धरले त्यांतले दोन आपले, भूम आणि परंडा. डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलातून माणसं निघायची आणि साडेतीनशेच्या आसपास गावांतून फिरायची. मोठ्या शहरातली नोंदणी इस्पितळांच्या कागदांवरून होते. इथे कागदच नव्हते, कारण माणूस इस्पितळात पोहोचतच नव्हता. म्हणून पारावर बसायचं, सरपंचाला, शिक्षकाला, सुईणीला विचारायचं, कुणाला गाठ आहे, कुणाला अंगावरून जातंय, कोण कशाने गेलं. आणि झालं असं, की नुसतं विचारत फिरल्याने बायका लवकर दवाखान्यात यायला लागल्या. पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रोग सापडू लागला. नोंद करायला गेले आणि नोंद करता करता उपचार झाला!

एवढं सगळं ज्या मातीत झालं, त्या मातीतल्या पोरांचं काय?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जगात दरवर्षी शून्य ते एकोणीस वयाच्या सुमारे चार लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली शंभरातली ऐंशीहून जास्त मुलं बरी होतात. गरीब आणि मध्यम देशांत तीसही होत नाहीत. २०१८ साली संघटनेने ठरवलं, की २०३० पर्यंत हा आकडा साठावर न्यायचा. आता मला सांगा, रोग तोच. औषधंही बहुतेक तीच, आणि त्यांतली बरीचशी पन्नास-साठ वर्षं जुनी, पेटंट संपलेली, आपल्याच देशात बनणारी. मग ऐंशी आणि तीस यांच्यामधली पन्नास मुलं जातात कुठे?

उत्तर शेवटी देण्याची वक्त्यांची पद्धत असते. मी आत्ताच देऊन टाकतो. काही मुलं रोग ओळखूच न आल्याने जातात. उरलेल्यांतली पुष्कळशी जातात ती मुक्काम न टिकल्याने. औषध चालू असतं, गुण येत असतो, आणि घर उठून गावाला परततं.

मी डॉक्टर नाही. इस्पितळं, धर्मशाळा आणि आपली गावं यांच्यामध्ये हेलपाटे घालणाऱ्या माणसांशी बोलत आलेला एक माणूस आहे. आज ज्या घराबद्दल बोलणार ते कुठलं एक घर नाही. वाशी, भूम, कळंब, लोहारा इथल्या अनेक घरांचं मिळून झालेलं आहे. कुणी ओळखायचा प्रयत्न करू नका. आई, बाप, आजी, दोन मुली आणि सगळ्यात धाकटा चार वर्षांचा मुलगा. दीड-दोन एकर कोरडवाहू. सोयाबीन निघालं की दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायको कारखान्यावर ऊसतोडीला. धाकटा बरोबर, मुली आजीपाशी.

फडावर असतानाच धाकट्याला ताप यायला लागतो. येतो, जातो, पुन्हा येतो. चालणारं पोर कडेवर घे म्हणतं. पाय दुखतात म्हणून रात्री रडतं. ओठ पांढरे पडतात. अंगावर निळे डाग उठतात, तर आई म्हणते, पडला असेल कुठं उसात. आजी फोनवरून सांगते, दृष्ट काढ. दृष्ट काढली जाते. जवळच्या गावातला डॉक्टर तापाचं औषध देतो, मग सलाईन लावतो, मग टायफॉइडचा कोर्स, मग रक्तवाढीचं टॉनिक. तुळजापूरचा नवस बोलला जातो. या सगळ्यात दीड-दोन महिने सहज जातात.

इथे डॉक्टरला झोडपणं सोपं आहे. टाळ्याही मिळतील. पण जरा त्याच्या खुर्चीत बसा. तापाची पोरं त्याच्याकडे हजारोंनी येतात. रक्ताच्या कर्करोगाचं पोर खेड्यातल्या डॉक्टरला सबंध आयुष्यात एखाद-दुसरं भेटतं. त्याला ते पहिल्या दिवशी ओळखू यावं ही अपेक्षाच चूक. पण दोन आठवडे झाले, ताप हटत नाही, पोर पांढरं पडलंय, हाडं दुखतायत, डाग उठतायत किंवा मानेला गाठी आल्यात, यांतलं काहीही असेल तर एक सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि रक्ताची स्लाइड बघून घ्यावी, ही अपेक्षा मात्र रास्त आहे. काही शेकड्यांचा खर्च आहे. आणि सभागृहात डॉक्टर मंडळी असतील त्यांना हात जोडून सांगतो, निदान झाल्याशिवाय तापावर स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ नका. स्टेरॉइडने हा रोग काही काळ दबतो. पोर टवटवीत होतं, आई तुम्हाला देवमाणूस म्हणते, आणि पुढे इस्पितळात रोग धड दिसत नाही, त्याची नीट वर्गवारी होत नाही.

आणखी दोन खुणा सांगतो, कारण त्या डॉक्टरच्या आधी घरच्यांना दिसतात. बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, अंधारात मांजराचा डोळा चमकावा तशी, किंवा मोबाइलच्या फ्लॅशच्या फोटोत एक डोळा पांढरा आला, तर तो डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग असू शकतो. लवकर गेलं तर जीव वाचतो, बहुतेकदा डोळाही वाचतो. आणि आंघोळ घालताना पोटात एका बाजूला गोळा हाताला लागला, तर जंत म्हणून थांबू नका, चोळू तर मुळीच नका. मूत्रपिंडाची गाठ असेल तर ती चोळल्याने फुटू शकते.

आई विचारते, माझं काय चुकलं? ग्रहण पाळलं नाही म्हणून का? उसात औषध मारलं म्हणून का? मोठ्यांच्या कर्करोगात तंबाखूकडे बोट दाखवता येतं. इथे बोट दाखवायला जागाच नाही. चार वर्षांच्या पोराने कसली तंबाखू खाल्ली? काही थोड्या मुलांत रोग रक्तातून, वंशातून येतो. बाकीच्यांत वाढत्या शरीराच्या एखाद्या पेशीत बिघाड होतो, आणि का झाला हे कुणालाच सांगता येत नाही. त्या बाईला हे स्वच्छ शब्दांत सांगणारं कुणीतरी लागतं. सासूच्या, जावेच्या आणि शेजारणीच्या देखत सांगणारं लागतं.

आता औषधाकडे येतो. हा भाग मला फार आवडतो, तेव्हा जरा लांबेल. सांभाळून घ्या.

सोलापूर-बार्शीत रक्ताच्या कर्करोगाचं निदान झालं, चिठ्ठी मिळाली, आणि आपलं हे घर रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालं असं धरा. उतरलं, परळला टाटाच्या दारात आलं. १९४१ साली सुरू झालेलं इस्पितळ. आधी दोराबजी टाटा ट्रस्टचं, पुढे सरकारचं, १९६२ पासून अणुऊर्जा खात्याचं. अणुबाँबशी ज्याचा संबंध आपण जोडतो त्या खात्याकडे देशातलं सगळ्यात मोठं कर्करोग इस्पितळ आहे, ही गंमत कितीतरी शिकल्यासवरल्यांना माहीत नसते. पण मला दाखवायचीय ती शेजारची वास्तू. टाटापासून हाकेच्या अंतरावर हाफकिन संस्था आहे, प्लेगच्या लसीची. १९२८ साली तिथे लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर बाई आली. मुंबईतल्या गरोदर बायका, त्यांत गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका, पांढऱ्याफटक पडून मरत होत्या. तो पंडुरोग लोहाच्या गोळ्यांनी हटत नव्हता. तिने त्यांचं खाणं तपासलं, घरं पाहिली, माकडांवर प्रयोग केले, आणि शेवटी यीस्टचा एक स्वस्त अर्क, मार्माइट, चारून बायका बऱ्या केल्या. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ज्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले ते. आपल्या गरोदर लेकीसुना ज्या फॉलिकच्या गोळ्या घेतात, त्यांचं मूळ परळला आहे.

पुढचा दुवा आंध्रातल्या भीमावरमचा. यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे दोन भाऊ पाठोपाठ गेले, ज्या आजाराने गेले तो स्प्रू, म्हणजे अन्न अंगी न लागण्याचा रोग. सुब्बाराव अमेरिकेला गेले. लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी फॉलिक ॲसिड तयार केलं आणि त्याच्याशी झुंजणारी, त्याचं काम अडवणारी द्रव्यंही तयार केली. त्याच सुमाराला बोस्टनमध्ये सिडनी फार्बर हे डॉक्टर रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना पाहत होते. फॉलिक ॲसिड दिलं तर त्यांना दिसलं, की रोग उलट वेगाने वाढतो. मग त्यांनी विचार केला, की जे दिल्याने रोग वाढतो, ते अडवलं तर? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतून अमिनोप्टेरिन आलं. सोळा मुलांना दिलं, त्यांतल्या दहांना गुण आला. १९४८ च्या जूनमध्ये हे छापून आलं. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. ती मुलं टिकली नाहीत, गुण काही महिन्यांचाच ठरला. पण त्याआधी या रोगावर गुण हा शब्दच कुणी वापरला नव्हता.

त्याच अमिनोप्टेरिनचं भावंड मेथोट्रेक्सेट. आज परळच्या वॉर्डात आपल्या पोराच्या पाठीच्या मणक्यात जे इंजेक्शन जातं, आणि पुढे दर आठवड्याला ज्या पिवळ्या गोळ्या दिल्या जातात, त्या याच औषधाच्या. दुसरं औषध व्हिनक्रिस्टिन, ते निघालं सदाफुलीतून. हो, आपल्या दारातल्या सदाफुलीतून. (म्हणून घरी गेल्यावर सदाफुलीची पानं उकळून कुणी पिऊ नका. टनावारी पाल्यातून चिमूटभर औषध निघतं आणि उरलेला पाला विषारी आहे. दर व्याख्यानानंतर कुणीतरी हे विचारतंच, म्हणून आधीच सांगितलं.)

शेवटचा दुवा पुन्हा परळचाच. १९८४ साली टाटातले डॉ. सुरेश अडवाणी, लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीतून फिरणारे, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले डॉ. इयान मॅग्रथ यांनी मिळून भारताला परवडेल, झेपेल अशी उपचारांची एक घडी बसवली. तिचं नाव एमसीपी ८४१. त्यातले ८४ म्हणजे ते साल. मुंबई, दिल्ली, चेन्नई इथे ती वापरली गेली. त्याआधी पाचांतलं एखादं मूल वाचायचं. त्यानंतर निम्म्याच्या आसपास, कुठे त्याहून जास्त वाचू लागली. औषधं नवी नव्हती. कुठलं कधी, किती आणि किती काळ द्यायचं, याची शिस्त नवी होती.

किती काळ? इथेच माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. दोन ते अडीच वर्षं! पहिला महिना रोग मोडून काढण्याचा. पुढचे काही महिने लपलेला रोग हुडकून मारण्याचे. यात पाठीतली इंजेक्शनं, रक्त, प्लेटलेट्स, आज भरती, उद्या सुट्टी, परवा ताप म्हणून पुन्हा भरती. मग दीड-दोन वर्षं रोज गोळ्या आणि ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी. या घरांतल्या आयांच्या तोंडी नवी भाषा येते. काउंट पडले. काउंट उचलले. लाइन टाकली. फाइल आणली का? चौथी शिकलेली बाई पांढऱ्या पेशींचा आकडा विचारते आणि आकडा ऐकून पोराला बाहेर न्यायचं की नाही ते ठरवते. मला विचाराल तर असलं शिक्षण कुठल्या विद्यापीठात मिळत नाही. कुणावर ते घ्यायची वेळ मात्र न येवो.

आणि या अडीच वर्षांत घराचं काय होतं? घर दोन ठिकाणी फुटतं. आई आणि धाकटा परळला. बाप कधी परळला, कधी गावाला. मुली आजीजवळ. ऊसतोडीच्या मंडळींना मी काय सांगतोय ते लगेच कळेल. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाने उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, दिलेली असते ती जोडीला. बाई परळला गेली की कोयता मोडला. पण उचल? उचल अंगावर तशीच राहते. मुकादम काही वाईट माणूस असतोच असं नाही. त्याच्याही डोक्यावर कारखान्याचा पैसा असतो. तो एवढंच विचारतो, माझी उचल कधी फेडता? मग बाप पोराला बघायला जायचं सोडून उचल फेडायला जातो. थोरली मुलगी स्वयंपाकाला लागते, तिची शाळा सुटते. शेळ्या विकल्या जातात, मग जनावर, मग आईच्या कानातलं.

तुम्ही म्हणाल, योजना आहेत की! आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नंतर राज्यभर गेली, नाव बदललं, विम्याची रक्कम वाढली. रेल्वेत रुग्णाला स्लीपरचं तिकीट माफ आहे, सोबत्याला मोठी सवलत आहे, एसटीतही सवलत आहे. फॉर्मवर इस्पितळाचा सही-शिक्का तेवढा लागतो. या योजनांनी किती घरं वाचवली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. पण योजना इस्पितळाचं बिल भरते. मुंबईतलं खोलीचं भाडं कोण भरणार? बुडालेली मजुरी कोण देणार? काउंट पडलेल्या पोराला उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं, घरचंच खाणं द्या, असं डॉक्टर सांगतात. फुटपाथवर राहणाऱ्या बाईने घरचं कुठून आणायचं?

इथे मला गाडगेबाबांची आठवण होते. देवळं बांधायच्या ऐवजी त्या माणसाने आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या मिशनच्या धर्मशाळेत आजही महाराष्ट्रभरातले कर्करोगी आणि त्यांचे सोबती राहतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. २००६ पासून सेंट ज्यूड ही संस्था मुलांच्या कुटुंबांना स्वतंत्र जागा, चूल, शिधा, अगदी पोरांची शाळासुद्धा देते. या यादीकडे दानधर्म म्हणून पाहू नका. हे उपचारच आहेत. पुरावा सांगतो. २००९ च्या सुमाराला टाटात येणाऱ्या मुलांपैकी पाचांतलं एक मूल उपचार नाकारून किंवा अर्धवट टाकून निघून जायचं. मग इस्पितळाने मुलांसाठी वेगळा मदतकक्ष, वेगळा निधी उभा केला. राहायची सोय, खाण्याची सोय, रक्ताची सोय, पैशाची जोडणी, आणि न आलेल्या घराला फोन. काही वर्षांत हे प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास आलं. औषध तेच होतं, डॉक्टर तेच होते. फक्त कुणीतरी फोन करून विचारत होतं, का आला नाहीत? बार्शीच्या नोंदणीवाल्यांनी गावोगाव जे केलं तेच हे!

पण उपचार टाकून माणसं जातात तरी का? अडाणी म्हणून? निर्दय म्हणून? मुळीच नाही. ती जातात, कारण पोर बरं दिसतं. पहिला महिना संपतो, ताप गेलेला असतो, भूक परत आलेली असते, पोर वॉर्डात पळायला लागतं. डॉक्टर म्हणतात, रक्तात रोग दिसत नाही. बाप ते ऐकतो, आणि त्याला ऐकू येतं, रोग गेला. गावाकडे सोयाबीन काढायला आलेलं असतं. थोरलीचं पत्र नाही, फोन येतो, आई कधी येतीस? मग तो हिशोब करतो. बरं झालेलं पोर मुंबईत ठेवून उरलेलं घर बुडवायचं का? तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं? मी काय केलं असतं? खरं सांगायचं तर मीही पिशवी भरली असती. दिसत नाही आणि नाही यांतला फरक, गाडी पकडायच्या घाईत असलेल्या माणसाला एका वाक्यात कळत नाही. तो पुन्हा पुन्हा, त्याच्या बोलीत, सांगावा लागतो. चार-सहा महिन्यांनी रोग परत येतो, आणि परत आलेला रोग पहिल्या औषधांना सहसा दाद देत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. ती सांगताना सभागृह जरा अवघडतं, पण मी सांगणारच. आपल्या गोष्टीतला धाकटा मुलगा होता. मुलगी असती तर? देशातल्या मोठ्या इस्पितळांच्या नोंदींत कर्करोगाच्या मुलग्यांच्या मानाने मुली कमी दिसतात. थोडा फरक निसर्गाचा आहे. काही प्रकार मुलग्यांत जरा जास्त होतात. उरलेला फरक आपला आहे. जनावर विकायचं ते पोरासाठी विकलं जातं, पोरीसाठी विचार केला जातो. आणि पोरगी बरी झाली तरी घर ते लपवतं, पुढे लग्न जमायचं नाही म्हणून. लपवायचं तर फाइल लपवावी लागते, फाइल लपवली की तपासणीला जाणं थांबतं. हा संसर्गाचा रोग नाही. ही पोरगी शिकेल, नोकरी करेल, बहुतेकींना पुढे मुलंबाळंही होतील. तिच्या होणाऱ्या सासऱ्यांपैकी कुणी आज या सभागृहात बसलेला असेल, त्यालाच उद्देशून बोलतोय असं समजा.

तेर आपल्याच जिल्ह्यातलं. गोरोबाकाकांची कथा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. भजनात देहभान हरपलं आणि चिखलाबरोबर लेकरू तुडवलं गेलं. कीर्तनकार तिथून पुढे विठ्ठलाकडे जातात. माझं मन मात्र त्यांच्या बायकोपाशी, संतीपाशी अडतं. पाणी आणायला जाताना ती नवऱ्याला सांगून गेली होती, लेकराकडे बघा. परळच्या आया मला संतीच्या बाजूच्या वाटतात. एका लेकराकडे बघायचं तर उरलेली दोन कुणाच्या भरवशावर सोडायची, हा हिशोब त्या रोज करतात. कुणी तो त्यांना विचारत नाही. आजारी पोराच्या बहिणींनी त्या अडीच वर्षांत काय सोसलं, हे तर आपल्याकडे कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नसतं.

सगळी मुलं बरी होत नाहीत. हे न सांगता मी खाली बसलो तर ते खोटं ठरेल. आपण वाचणार नाही, हे काही पोरांना कळूनही आलेलं असतं. मोठी माणसं दाराबाहेर कुजबुजतात आणि आत आठ वर्षांचं पोर आईची समजूत काढत असतं. अशा घराला शेवटी काय लागतं? वेदना थांबवणारं मॉर्फिन लागतं. त्याचे कायदे २०१४ साली सैल झाले, तरी आपल्याकडच्या औषधदुकानांत ते सहज मिळत नाही. आणि लागतो एक माणूस, जो आता आणखी एक केमो नको, घरी चला, असं म्हणण्याचं ओझं बापाच्या एकट्याच्या डोक्यावर टाकणार नाही. घरी आणून पोराला कमी त्रासात ठेवणं ही हार नाही, हे गावाने त्या बापाला सांगितलं पाहिजे. गाव सहसा उलटंच सांगतं. आणखी कुठे तरी दाखवायचं होतं, म्हणतं.

मग आपल्या हातात काय आहे? धाराशिवला परळ करता येणार नाही, करायची गरजही नाही. पहिले अवघड महिने मोठ्या केंद्रात जाणारच. त्यासाठी नेहमी मुंबईच हवी असंही नाही. बार्शी आहे, छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून सरकारी कर्करोग रुग्णालय आहे, आधी तिथे विचारा. पण ती दीड-दोन वर्षांची गोळ्यांची पायरी? तिला चारशे किलोमीटर कशाला जायचं? सीबीसी इथे होते. मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरने फोनवर गोळ्यांचा डोस सांगावा, इथल्या बालरोगतज्ज्ञाने काउंट बघून तो द्यावा, आणि ताप आला तर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नव्हे, भरती करून घ्यावं. जगात याला वाटून घेतलेली काळजी म्हणतात आणि ती चांगली चालते. आता धाराशिवला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. इथे एक खाट, एक फोन नंबर आणि एक परिचारिका एवढ्याने सुरुवात होऊ शकते. अंगणवाड्या-शाळा तपासणारी बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून फिरतायत. त्यांच्या तक्त्यात डोळ्यातली पांढरी चमक आणि पोटातला गोळा या दोन गोष्टी ठळक घाला. आशाताई तर दारोदार जातातच. त्यांना मात्र आणखी एक फुकटचं काम म्हणून हे सांगू नका, त्याचे पैसे द्या.

ऊसतोड महामंडळाच्या, कारखान्यांच्या मंडळींना माझी एक वेगळी मागणी आहे. पोराचा कर्करोग निघाला की त्या कोयत्याच्या उचलीची वसुली उपचार संपेपर्यंत थांबली पाहिजे. असे कोयते एका हंगामात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतील. कारखाना त्याने बुडत नाही.

आणि मुख्याध्यापक मंडळींना. उपचार चालू असलेलं पोर वर्षभर शाळेत येणार नाही. पटावरून त्याचं नाव काढू नका. परत येईल तेव्हा डोक्यावर केस नसतील, तोंड स्टेरॉइडने फुगलेलं असेल, वर्गातली पोरं टकल्या म्हणतील. ते येण्याच्या आदल्या दिवशी वर्गाशी बोला, हा रोग एकापासून दुसऱ्याला होत नाही हे पोरांना सांगा, आणि पालकसभेत पालकांनाही सांगा, कारण बाक बदलून द्या असं म्हणायला पालकच येतात. कुणाला कांजिण्या निघाल्या तर मात्र त्या दिवशी त्याच्या आईला लगेच कळवा. काउंट कमी असलेल्या पोराला कांजिण्या जिवावर बेतू शकतात. आणि त्याची थोरली बहीण त्याच शाळेत असेल, तर तिची हजेरीही एकदा काढून बघा.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे. सदाफुलीबद्दल सोडून काहीही विचारा.